मनुक्यांची बरणी

टक्.

दुपारच्या त्या शांततेत झाला तो एवढाच आवाज. पिपूने काचेच्या बरणीच्या झाकणावर नखाने वाजवलं, बरणी आईच्या मांडीवर आणून ठेवली आणि तिच्या हनुवटीकडे बघत उभा राहिला. नजरेला नजर तो सहसा देत नसे. हनुवटीपर्यंत यायचा आणि तिथेच थांबायचा.

आईही थांबली. थांबणं हेच तर सध्या तिचं काम होतं. स्पीच थेरपीच्या बाईंनी नीट समजावून सांगितलं होतं, त्याच्या आवडीची वस्तू दिसेल अशा बरणीत ठेवा, झाकण त्याला उघडणार नाही इतपत लावा. तो बरणी घेऊन तुमच्याकडे येईल. लगेच उघडू नका. चेहरा हसरा ठेवून मनातल्या मनात एखाद्या गाण्याचं एक कडवं म्हणा. तेवढ्यात त्याच्या तोंडून ‘दे’ निघालं, नुसतं ‘अं’ निघालं, तरी उघडा. नाहीच निघालं तर तुम्हीच ‘दे’ म्हणा आणि उघडा.

घरात त्याला पिपू म्हणायचे, पिपाणीतला पिपू. जन्मला तेव्हा त्याने असा काही सूर लावला होता की आत्याने तिथल्या तिथे नाव ठेवून टाकलं. आता चौथं सरत आलं तरी पिपाणी काही वाजत नव्हती. ‘दे’, ‘नाय’ आणि दाराच्या बेलची हुबेहूब नक्कल, एवढीच काय ती पुंजी.

कडवं संपलं. आईने ते पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आज हार मानायची नाही. पिपूने एकदा दाराकडे बघितलं. मग वाकून तिच्या कानाशी तोंड नेलं आणि दबक्या, घोगऱ्या आवाजात म्हणाला,

“कुणाला सांगायचं नाही हं.”

अख्खं वाक्य! सलग, स्पष्ट, शेवटच्या ‘हं’सकट! आईने झाकण फिरवलं तर फिरेना. घाईघाईने हाताशी होता तो टॉवेल धरून पिळलं, बरणीत हात घातला आणि मूठभर मनुके त्याच्या ओंजळीत ओतले. त्याच्या केसांचे, कानाचे, कोपराचे, मिळेल तिथले पापे घेतले. मग नवऱ्याला सांगायला फोन उचलला.

आणि तिचा हात तिथेच थांबला.

मनात पाल चुकचुकली. हे वाक्य पिपूचं नव्हतं. तो आवाजही त्याचा नव्हता. बाई म्हणाल्या होत्या, असली मुलं वाक्य जसंच्या तसं उचलतात, चालीसकट. म्हणजे हे त्याला कुणीतरी म्हटलं होतं, तेही एकदा नाही, पुन्हा पुन्हा. कानाशी तोंड नेऊन, आधी दाराकडे बघून.

जे पोर कुणाला काही सांगूच शकत नाही, त्याला ‘सांगायचं नाही’ म्हणून कोण बजावतं? आणि काय सांगायचं नाही?

त्या संध्याकाळी आंघोळ घालताना तिने त्याला दिव्याखाली उभं केलं. पाठ बघितली, दंड बघितले, काखा बघितल्या. गुडघ्यावर खरचटल्याची जुनी खपली होती, ती तिला ठाऊक होती. बाकी काही नव्हतं. पण काही न सापडल्याने धीर यावा तर तोही येईना.

सासूबाई स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसल्या होत्या. सकाळी ही औषधांच्या दुकानात कामाला गेली की पिपू दुपारपर्यंत त्यांच्याजवळच असायचा.

“आई, तुम्ही पिपूला कधी असं म्हणालात का, की कुणाला सांगू नको म्हणून?”

“मी? मी कशाला म्हणू? मला जे म्हणायचं ते मी तुझ्या तोंडावर म्हणते. कालच म्हटलं ना, एवढ्याशा पोराला मनुक्यासाठी ताटकळत ठेवता, जरा लाज बाळगा.”

हे मात्र खरं. चोरून काही करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. साधं डोकं दुखलं तरी त्या दवंडी पिटायच्या.

“का गं, काय झालं?”

“काही नाही.”

“तुझं ‘काही नाही’ मी ओळखून आहे. त्याला बोलतं करता करता तूच मुकी झालीस.”

दुसऱ्या दिवशी थेरपी होती. पूर्वी आई आतच बसायची. पण पिपू तिच्या कुशीतून हलेना, तेव्हा बाईंनीच सुचवलं, काही दिवस तुम्ही बाहेर बसून बघा. तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं. आज तिची नजर त्या बंद दारावरून हलेना. आतून फुगे उडवल्याचा ‘फू’ ऐकू आला, पिपूची टाळी ऐकू आली. मग सगळं चिडीचूप झालं. ती उठली आणि दाराला कान लावला. शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी मोबाइलमधून मान वर केली, तशी तिने खाली वाकून चपलेचा बंद सारखा केल्यासारखं केलं. चपलेला बंद नव्हता.

दार उघडल्याबरोबर तिने विचारून टाकलं. विचारताना बाईंच्या चेहऱ्यावरची रेष न् रेष डोळ्यांत तेल घालून बघितली.

बाई दचकल्या नाहीत. उलट खुर्ची ओढून बसल्या. “कधी म्हणाला? तेव्हा त्याच्या हातात काय होतं?”

“ते महत्त्वाचं आहे?” आईचा आवाज नको तेवढा चढला.

“तेच महत्त्वाचं आहे. तो नुसतं वाक्य उचलत नाही, अख्खा प्रसंग उचलतो. बेल वाजवून दाखवतो तेव्हा त्याला कुणीतरी यायला हवं असतं, आठवतंय ना? तसंच हे. हे वाक्य ज्या वेळी ऐकलं, त्या वेळी जे मिळालं, ते त्याला हवंय. आणि एक लक्षात ठेवा, एखाद्या दिवशी तो या वाक्याचा तुकडा मोडून आपल्या कामाला लावेल. तो मात्र त्याचा स्वतःचा शब्द असेल.” मग जरा थांबून त्या म्हणाल्या, “तुम्हाला शंका येणं बरोबर आहे. पुढच्या वेळेपासून आत बसा. दार उघडं ठेवू.”

इतक्या सहज? आईला तेही खटकलं. संशयाला खाऊ लागतोच किती! नाही म्हटलं तरी तो फुगतो, हो म्हटलं तरी फुगतो.

नवऱ्याला सांगणं तेवढं राहिलं होतं. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. कपड्यांना ग्रीसचा वास, बोटं पान्यासारखी. बरण्यांचा नियम घरात त्यानेच लावला होता. सासूबाईंनी एकदा पिपूला न मागता बिस्किट दिलं तेव्हा त्याने त्यांना चांगलंच फैलावर घेतलं होतं.

जेवताना ती म्हणाली, “पिपू काल एक वाक्य बोलला.”

“काय सांगतेस! आणि आज सांगतेस? काय बोलला?”

तिने ते तसंच म्हणून दाखवलं. दबकं, घोगरं.

त्याचा घास ताट आणि तोंड यांच्यामध्ये अडकला. क्षणभरच, पण ती बघतच होती.

“टीव्हीवरून उचललं असेल,” तो म्हणाला.

“टीव्ही बंद करून किती दिवस झाले.”

“मग शेजारच्यांचं असेल. भिंती बघ ना, कागदाच्या आहेत नुसत्या.” आणि ताट अर्धं तसंच टाकून तो हात धुवायला उठला.

सासूबाईंनी ताटाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि जन्मात पहिल्यांदाच काही न बोलता उठून गेल्या.

भांडी आवरताना तिचे हात चालत होते, डोकं भलतीकडेच होतं. सकाळी ती उठायच्या आधी घरात जागे असतात ते दोघंच, पिपू आणि तो. रविवारची आंघोळ तोच घालतो. फिरायला तोच नेतो. पुढचा विचार तिने मनात पुरता उभाही राहू दिला नाही. पण तो गेलाही नाही, उंबरठ्यावर बसून राहिला. स्वतःच्या नवऱ्याबद्दल! तिला स्वतःचीच शिसारी आली, आणि तरीही उद्या पिपूला त्याच्याजवळ सोडायचं की नाही, हा प्रश्न हटेना.

ओटा पुसताना मनुक्यांची बरणी दिसली. परवाच गच्च भरलेली, निम्म्याच्या खाली आलेली. सवयीने तिने झाकण फिरवलं. हलेना. तिच्याही हातून! औषधांच्या दुकानात रोज खोकी उचलून, फोडून तिच्या बोटांना घट्टे पडले होते. तिने लावलेलं झाकण तिला उघडत नाही? सासूबाईंच्या बोटांचे सांधे सुजलेले, त्यांना तर पाण्याच्या बाटलीचंही उघडायला कुणीतरी लागे.

या घरात असं झाकण आवळणारा हात एकच होता.

‘तेव्हा त्याच्या हातात काय होतं?’ बाईंनी विचारलं होतं. बरणी होती. हीच.

म्हणजे नुसते मनुके? जीव भांड्यात पडायला हवा होता, पण पडला नाही. मनुक्यांसाठी कुणाचा घास अडकतो? स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिला आता कशावरच विश्वास ठेवता येणार नव्हता.

सकाळी गजर व्हायच्या आधीच ती जागी होती. डोळे मिटून, कान उघडे ठेवून.

टक्.

ती अनवाणी उठली आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली.

नवरा कामाचा निळा शर्ट घालून उकिडवा बसला होता. हत्यारांची पिशवी बाजूला. पुढ्यात बरणी, बरणीपलीकडे पिपू. आणि तो थांबला होता, खरोखर थांबला होता. ओठ हलत होते, ठेक्यावर मान हलत होती. कडव्याच्या दोन ओळी झाल्या असतील नसतील, त्याचे खांदे खाली आले.

“जाऊ दे रे,” तो पुटपुटला आणि झाकण फिरवलं. दोन मनुके तळहातावर ठेवून पुढे केले. दाराकडे एक नजर टाकून पिपूच्या कानाशी वाकला. “कुणाला सांगायचं नाही हं.”

पिपूने मान वर केली. थेट बापाच्या डोळ्यांत बघितलं. आपलं चिमुकलं बोट आपल्या ओठांवर ठेवलं आणि आवाज न करता, पोट हलवून हलवून हसला.

असा तो तिच्याकडे बघून कधी हसला नव्हता.

“काय सांगायचं नाही?” आई म्हणाली.

बरणी कलंडली. मनुके फरशीभर झाले.

“तू... उठलीस?”

“कधीपासून चाललंय हे?”

“दोन-चार मनुके गं.”

“नियम कुणी केला होता? आईंवर कोण डाफरलं होतं?”

“मीच.” तो मनुके गोळा करायला लागला, मग थांबला. “अगं, लिफ्ट मधेच अडकली की मी बाहेरून पहिलं काय ओरडतो? घाबरू नका, मी आलोय. मग दार उघडतो. आधी नीट हाक मारा, मग उघडतो, असं नाही म्हणत. हा बरणी घेऊन समोर उभा राहतो ना, तेव्हा आत अडकल्यासारखा बघतो. मला नाही जमत ते.”

“मग मला सांगायचंस.”

“तुला?” तो हसला, पण अर्धंच. “तुलाच तर कळू द्यायचं नव्हतं. बाईंनी एक कडवं सांगितलंय. तू तीन-तीन म्हणतेस. तुझी मान हलते ना, मी मोजतो. त्या बरणीवर असा पहारा असतो तुझा, की माझ्याच घरात मी चोर.”

ती खाली बसून मनुके वेचू लागली.

“पण तुला काय वाटलं होतं?” त्याने विचारलं. “काल सगळं जेवण माझ्याकडे बघत होतीस.”

“काही नाही.”

“काही नाही कसं?”

ती वेचत राहिली. वर बघितलं नाही, आणि त्या न बघण्यातूनच त्याला कळलं. त्याच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरत गेलेलं तिला शेवटी बघावंच लागलं.

“माझ्यावर?” तो एवढंच म्हणाला.

“सगळ्यांवर. आईंवर, बाईंवर, तुझ्यावर. तो सांगू शकत नाही ना रे. म्हणून मला कुणालाच सोडता येत नाही.”

तो उठला. पिशवी खांद्याला लावून दारापर्यंत गेला. तिथून परत आला. पिपूच्या डोक्यावर हात ठेवला, फरशीवरचा एक मनुका उचलून फुंकर मारून तोंडात टाकला.

“येतो,” म्हणाला. रोज ‘येतो गं’ म्हणायचा.

दार लागलं. आईने वेचलेले मनुके धुऊन, पुसून बरणीत भरले, झाकण लावलं. लावते न लावते तोच पिपूने बरणी तिच्या हातातून घेतली, मांडी शोधून तिथे ठेवली आणि नखाने वाजवलं.

टक्.

सवयीने तिच्या मनात कडवं सुरू झालं. पहिल्या ओळीतच अडलं. तिने झाकण फिरवलं, दोन मनुके तळहातावर घेतले. आणि का कोण जाणे, त्या मघाच्या हसण्यात आपल्यालाही जागा मिळावी म्हणून असेल, तिने ओठांवर बोट ठेवलं, त्याच्या कानाशी वाकली आणि म्हणाली,

“कुणाला सांगायचं नाही हं.”

पिपूने मनुके घेतले नाहीत. त्याची नजर तिच्या हनुवटीवरून हळूहळू वर चढली, डोळ्यांपर्यंत आली आणि तिथे थांबली. कपाळावर एक बारीकशी आठी पडली.

“कुणाला?” त्याने विचारलं.