उकंडाजींच्या खिशातला पेन

मी पेन बोलतोय. पत्र लिहायला मात्र मला मागू नका. माझ्या पोटात शाई नाही, इन्सुलिन आहे.

कापसाने सगळ्यांचीच दैना केली होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. दिग्रसचा एक जिनिंग कारखाना बंद पडला आणि तिथे रुईच्या गाठी उचलणारे उकंडाजी घरी बसले. त्यात साखर वाढलेली. डॉक्टरांनी टेबलावर दोन वस्तू मांडल्या, साधी सिरिंज आणि मी.

"रोज टोचावं लागेल, नाहीतर पाय गमवाल. यातलं काय देऊ?"

"सुई ढोराले देतेत," उकंडाजी म्हणाले. "मले पेन द्या."

आणि मी थेट त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला लागलो! जन्मभर अंगठा उठवलेला माणूस. घरच्या तसबिरीत बाबासाहेबांच्या कोटाला पेन, आता यांच्याही खिशाला पेन. चालण्यात असा रुबाब आला की बसस्टँडवर लोक त्यांना गुरुजी म्हणू लागले. मीही फुगलो, खोटं कशाला बोलू?

अडचण एकच. ते मला वापरतच नव्हते.

एकदा एसटीची वाट पाहणाऱ्या धावजीने फोन नंबर लिहायला मला मागून घेतलं. तळहातावर घासघास घासलं. "गुरुजी, हा तं चालत नाही."

"वरच्या वर्गाचा पेन हाय," म्हणत उकंडाजींनी मला हिसकावलं आणि तिथेच भोवळ येऊन बसले.

लोकांनी घरी आणलं. त्यांच्या बायकोने, कौसल्याबाईंनी, चप्पल काढली तर तळपायात बाभळीचा काटा मोडलेला, आणि पायाला पत्ताच नाही! बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"काहून टोचत नाही तुमी? पाय गेला तं खिशातल्या पेनावर चालसान काय?"

उकंडाजी मान खाली घालून पुटपुटले, "मले पेन धरता येत नाही वो. थो शिकलेल्यायचा."

बाईंनी खिशात उन्हाने नासलेलं इन्सुलिन फेकलं, दवाखान्यातून आणलेलं नवं भरलं, सुई लावली आणि माझ्या बुडाचं बटण त्यांच्यासमोर धरलं.

"पाहा तं नीट. याले सही येत नाही. याले अंगठाच लागते."

उकंडाजी स्वतःच्या अंगठ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग सदरा वर केला, सुई पोटाला लावली आणि बटणावर अंगठा दाबला. टिक, टिक, टिक.

आता मी गारव्यासाठी ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात राहतो. खिसा सुटल्याची हळहळ वाटते. पण रोज जेवणाआधी उकंडाजी शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतात, "कौसल्या, पेन आण वो! अंगठा द्याचा हाय."