पहिली फुंकर

वकिलाने खुर्ची आधी रुमालाने पुसली, मग तिच्यावर सॅनिटायझर शिंपडलं, फुंकर मारून वाळवायला वाकला, तेव्हा तोंडावरचा मास्क आठवला आणि शेवटी उभाच राहिला. काचकारखान्याचे मालक भिंतीला टेकले होते. समोर भात्याची बायको आपल्याच घरात गुडघे छातीशी घेऊन जमिनीवर बसली होती. कामगार खात्याचे तपासनीस यायचे होते.

भाता म्हणजे कारखान्यातला मुख्य फुंकणारा. खरं नाव पगारपत्रकात असेल तेवढंच. छातीची ख्याती अशी, की एकदा त्याने चहा गार करायला फुंकर घातली तर शेजारणीची वाळत घातलेली चादर पुढच्या गल्लीत सापडली. सापडली तेव्हा ती वाळलेलीही होती, असं शेजारीण अजून शपथेवर सांगते. अशी ती छाती, आणि साथीत तीच आधी गेली.

साथीमुळे बंद पडलेली भट्टी पुन्हा पेटवायला परवानगी मिळाली ती एका अटीवर: एकाच्या फुंकनळीला दुसऱ्याचं तोंड लागता कामा नये. मालकांनी प्रत्येकाला वेगळी नळी दिली, भिंतीवर पाटीही लावली. पण जुनी भट्टी म्हणजे जुनी सासू. मान राखला नाही की रुसलीच. तिच्या मानाची रीत अशी, की भट्टी पेटली की बाकीचे कामगार आत यायच्या आधी काचेचा पहिला फुगा मालकाने फुंकायचा आणि मुख्य फुंकणाऱ्याने तीच नळी तोंडाला लावून तो पुरा करायचा. मालकांच्या आजोबांनी एकदा ही रीत मोडली, तर म्हणे वर्षभर बाटल्या अशा वाकड्या निघाल्या, की औषध पाजायचं तर रोग्यालाच उलटं टांगावं लागे.

आता यातलं खरं किती ते भट्टीलाच ठाऊक. पण त्या सकाळी भाता नळी घेऊन हसत पुढे आला, तेव्हा मालकांना नाही म्हणवलं नाही. त्यांच्या स्वतःच्या घशात खवखव होती. राखेने होत असेल, म्हणून सोडून दिलं. त्यांनी फुंकलं आणि नळी भात्याच्या हातात दिली. संध्याकाळी त्यांना ताप भरला. तो त्यांनी अंगावर काढला, कुणाला सांगितलं नाही. आठवड्याभरात भाता आडवा झाला, तो उठलाच नाही.

आदल्या दिवशी मालकांकडून हे सगळं ऐकून वकिलाने आधी चष्मा पुसला होता. मग म्हणाला होता,

"कायद्यात आजाराला पत्ता लागतो, शेठ. कारखान्याचा निघाला तर खटला, भट्टीला टाळं, कदाचित तुरुंगही. घराचा निघाला तर त्याचं नशीब. तुम्ही फक्त तोंड मिटून उभे राहा."

तपासनीस आले. थकलेला माणूस; खुर्ची ओली आहे हेही न पाहता बसले. त्यांनी एकेक विचारलं, तिने एकेक सांगितलं. बहीण आजारी होती, नवरा नको म्हणत असताना ती तिला बघायला गेली. परत आली ती शिंकतच. मग तो पडला.

"मीच आणलं घरात," ती म्हणाली.

कारखान्याबद्दल तो काही बोलला होता का?

"मालकांनी सगळ्यांना वेगळी नळी दिली, असं कौतुकाने सांगायचे."

मालक जमिनीकडे बघत होते. तुम्हाला काही सांगायचंय का, असं तपासनिसांनी विचारलं. वकील त्यांच्या वतीने नाही म्हणाला. सगळं इतकं सरळ झालं, की तपासनीस उठले आणि दाराशी जाऊन बूट घालू लागले.

त्यांना वळसा घालून एक लहान मुलगी आत शिरली. आईने नुसता तळहात दाखवला. मुलगी धावता धावता जागच्या जागी थांबली; सवय झाली असावी. तिथेच खाली बसली आणि आईकडे बघत राहिली.

जाऊबाईंकडे ठेवलीय, आईने सांगितलं. डॉक्टर म्हणतात, आता काही भीती नाही. पण डॉक्टरांचं काय जातं म्हणायला. एकाला खाल्लं, आता हिला हात लावायचा नाही.

"लेकीला जवळ घ्या, वहिनी," मालक म्हणाले.

"नको, मालक. माझा हात वाईट."

"तुमच्याकडून नाही गेलं ते."

ती पहिल्यांदा वर बघत म्हणाली, "तुम्हाला काय ठाऊक?"

वकील खाकरला. मालकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

दाराशी तपासनिसांचा एक पाय बुटात गेला होता. तो त्यांनी हळूच बाहेर काढला, आत आले, आणि खुर्ची मालकांकडे वळवून पुन्हा बसले.