रक्तपेढीतली साफसफाई

रक्तपेढीच्या संगणकाने त्या सकाळी पुन्हा मान टाकली. रक्तदाते बाह्या सरसावून बाकावर बसलेले, आणि पडद्यावर तोच जुना निरोप: जागा संपली, नवी नोंद घेता येणार नाही.

"साहेब, परत भरलं," तंत्रज्ञ दारातून म्हणाला.

"भरलं तर रिकामं करू. त्यात काय एवढं?" व्यवस्थापक साहेब खुर्ची पुढे ओढत म्हणाले.

पेढीत त्यांना पाठीमागे 'काटकसरसाहेब' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. पेढीच्या सगळ्या नोंदी एका मोठ्या कंपनीच्या डेटाबेसमध्ये असत, पण त्याच्या फुकटच्या आवृत्तीत. बसवताना संगणकवाल्याने बजावलं होतं, "साहेब, हे सुरुवातीपुरतं आहे. ठरावीक आकाराच्या पुढे हे वाढत नाही, मग नवं काही आत घेत नाही. आणि बॅकअप आपोआप निघायची सोय यात नाही. तो तुम्हालाच आठवणीने काढावा लागेल." साहेबांनी त्यातलं 'फुकट' तेवढं ऐकलं. कराराच्या लांबलचक मजकुराखाली 'मान्य आहे' असा चौकोन होता, त्यावर न वाचताच टिचकी मारली. वाचकहो, साहेबांना नावं ठेवण्याआधी आठवून पाहा, आपण तरी तो मजकूर कधी वाचतो?

जागा संपली की साहेब स्वतः बसून 'साफसफाई' करत. सगळ्यात जुनी वर्षं निवडायची आणि पुसून टाकायची. मग बॅकअप काढायचा, तोही त्याच एका डिस्कवर, आधीच्या बॅकअपवर. दुसरी डिस्क कशाला हवी?

त्या सकाळीही त्यांनी बोट उचललं, तेवढ्यात डॉक्टरबाई आत आल्या. पेढीची तपासणी त्यांच्याकडे होती.

"साहेब, जुनं म्हणजे निरुपयोगी असं कोणी सांगितलं तुम्हाला? एकदा रक्त घेतलं की काही जणांच्या अंगात त्या परक्या रक्तावर हल्ला करणारी प्रतिपिंडं तयार होतात. पुढे ती इतकी कमी होतात, की तपासणीत दिसतसुद्धा नाहीत. तेव्हा याला अमुक रक्त द्यायचं नाही, हे फक्त आपली जुनी नोंद सांगते."

"बाई, इतक्या वर्षांनी कोण येतंय परत?"

"माणसं आजारी पडतात, येतात. एक तर पैसे भरून मोठी आवृत्ती घ्या. नाहीतर आकाराची अट नसलेले डेटाबेसही फुकट मिळतात, संगणकवाला कधीपासून सांगतोय. सगळं तिकडे हलवेपर्यंत थोडे दिवस नोंदी हाताने करू."

"म्हणजे पेढीचा कारभार हातावर आणू? विश्वस्तांना काय तोंड दाखवू?"

विश्वस्तांचं नाव निघालं की वाद मिटत असे. त्याच विश्वस्तांनी सभेत काटकसरीबद्दल साहेबांची पाठ थोपटली होती आणि त्याच सभेत बैठकीच्या खोलीसाठी चामड्याच्या खुर्च्या मंजूर केल्या होत्या. बाई त्यांच्याकडेही गेल्या होत्या, तर "साहेब बघतील" असं ऐकून परतल्या होत्या. आता त्या निघून गेल्या. साहेबांनी बटण दाबलं, पडदा मोकळा झाला आणि बाहेर रक्तदान सुरू झालं.

साहेबांना एक मोठी बहीण होती. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं होतं, स्वतःचं लग्न लांबवून शिकवलं होतं. ताईचं पोटाचं ऑपरेशन ठरलं. इस्पितळात विचारलं, पूर्वी रक्त घेताना काही त्रास? ताई म्हणाली, "झालं होतं काहीतरी, पण ते सगळं माझ्या भावाच्या पेढीत लिहिलेलं आहे." पूर्वी तिच्या पर्समध्ये एक कार्ड असे. साहेबांनीच ते हसून काढून टाकलं होतं. "हे चिटोरं कशाला सांभाळतेस? आमच्याकडे जन्मभर राहतं."

रक्त साहेबांच्याच पेढीतून मागवलं गेलं. तंत्रज्ञाने ताईचं नाव शोधलं. जुनं काही निघालं नाही, तेव्हा नवी रुग्ण म्हणून नोंद झाली. तपासणी स्वच्छ आली, रक्त जुळलं, ऑपरेशन छान झालं. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला.

आठवड्याभरात ताईचे डोळे पिवळे झाले. लघवी काळपट होऊ लागली, मग जवळजवळ थांबलीच. डॉक्टरबाई साहेबांच्या खोलीत आल्या आणि उभ्यानेच विचारू लागल्या.

"ताईंना पूर्वी कधी रक्त दिलं होतं?"

"हो, धाकट्या भाच्याच्या वेळी. तेव्हा काहीतरी निघालं होतं रक्तात. नोंद असेल ना आपल्याकडे..."

बोलता बोलता ते थांबले. भाच्याचं वय त्यांनी मनात मोजलं. ते वर्ष शेवटच्या साफसफाईत गेलं होतं! त्यांनी ड्रॉवरमधली डिस्क लावली. तिच्यातही तेवढंच होतं, जेवढं त्यांनी शिल्लक ठेवलं होतं.

"कंपनीने जागेला मर्यादा घातली होती," बाई म्हणाल्या. "आणि ती आधी सांगितली होती. कोणाला पुसायचं, ते मात्र तुम्ही ठरवलंत."



ताई वाचली, पण तिची मूत्रपिंडं गेली ती गेलीच. आता ती एक दिवसाआड डायलिसिसच्या यंत्राला जोडलेली असते. साहेब शेजारी बसतात. एकदा त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं. ताई नळीतून फिरणाऱ्या रक्ताकडे बघत राहिली.

"माझी नोंद केवढी होती रे?" तिने विचारलं.

"एक ओळ."

"एवढीशी जागा लागत होती माझी?"

साहेबांनी चेहरा ओंजळीत लपवला. ताईने नेहमीप्रमाणे त्यांच्या डोक्यावर हात ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब विश्वस्तांपुढे उभे राहिले. आपण काय पुसलं आणि त्याने काय झालं, ते त्यांनी काही न लपवता सांगितलं. नोंदी आकाराची अट नसलेल्या डेटाबेसमध्ये हलवल्या, रोजचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर आणि वेगळ्या इमारतीत जाऊ लागला. पुसलेली वर्षं मात्र कोणालाही परत आणता आली नाहीत. त्या वर्षांतली माणसं आजही गावात हिंडताहेत, आपली नोंद पेढीत आहे अशा भरवशावर.

मित्रहो, फुकटचं वापरण्यात कमीपणा काहीच नाही. पण ते कुठवर पुरेल, हे वापरण्याआधी विचारून घ्या. आणि पुरेनासं झालं की स्वतःचा खिसा, वेळ, हट्ट यांपैकी काहीतरी सोडा. दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेलं पुसू नका.

साहेबांनी आता सगळ्या रुग्णांना कार्डं द्यायला सुरुवात केली आहे. पहिलं कार्ड त्यांनी ताईसाठी स्वतःच्या हाताने लिहून नेलं. तिने ते घेतलं, नीट वाचलं आणि पर्समध्ये ठेवताना म्हणाली, "हे आता माझ्याकडेच राहू दे."