मुकादमाची भूक

मुकादम माझा कुत्रा नव्हताच मुळी. ह्यांचा. नाव ह्यांनीच ठेवलं, झोपायचाही ह्यांच्याच पायाशी. हे गेले, आणि स्वारी मला भाडेकरूसारखं वागवायला लागली. मी वाढायचं, त्याने गिळायचं, की चालता झाला कोपऱ्यात. घरात दिवसभर शिलाई मशीनची खडखड, तेवढीच काय ती सोबत.

मग त्याला फिट्स येऊ लागल्या. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, लक्ष ठेवा. तहान वाढेल, गुंगी येईल. पाय लटपटले किंवा डोळे पिवळे दिसले तर लगेच सांगा. मी लक्ष ठेवलं. दुसरं होतंच काय मला बघायला?

फिट्स थांबल्या. आणि बघते तर काय, मुकादम माझ्या मागेमागे! ओट्याशी उभी राहिले की पायात, मशीनवर बसले की मांडीवर हनुवटी. विरघळला एकदाचा मेला, असं मनात म्हटलं. मग मी त्याच्याशी बोलायला लागले. गिऱ्हाइकांच्या कागाळ्या, गुडघे, ह्यांची आठवण, सगळं. तो टक लावून ऐकायचा. कुणीतरी आपल्याकडे असं बघतंय, याचं मला फार बरं वाटायचं.

तपासणीला नेलं तेव्हा हे मी जरा मिरवतच सांगितलं. बाई हसल्या. म्हणाल्या, ही गोळीचीच करामत. भूक खवळते, मग जो खायला घालतो त्यालाच चिकटतात. माझं तोंड एवढंसं झालं.

चालणं ठीक असेल तर हाच डोस ठेवू, असंही त्या म्हणाल्या.

चालणं ठीक नव्हतं. त्याचे मागचे पाय एकमेकांत अडकत होते. पण ‘ठीक आहे’ एवढं म्हटलं असतं की झालं असतं. मांडीवरची हनुवटी राहिली असती. मी त्याच्याकडे बघितलं. गाढव टेबलावर पाय फाकवून कसाबसा उभा होता आणि माझ्या पिशवीत काही खायला आहे का, ते हुंगत होता. इतका राग आला! आणि पोटात तुटलंही.

"मागचे पाय धरत नाहीत त्याचे," मी म्हटलं. "पायरीवर पडतो. गोळी कमी करा."

बाईंनी रक्त तपासून डोस उतरवला.

आता तो सरळ चालतो. पोटापुरतं खातो आणि आपला निघून जातो. काल ओट्यापासून वळताना तो तुडवला जाऊ नये म्हणून मी पाऊल जपून मागे टाकलं. मागे कुणी नव्हतं.