आकडा सांगणाऱ्या पडद्याशेजारी

मी एक जुनी उजेडाची पेटी आहे. डॉक्टरांच्या खोलीत भिंतीवर पांढऱ्या काचेची, आत ट्यूबलाइट असलेली पेटी असते ना, तीच मी. एक्स-रेची फिल्म माझ्या चिमट्यात अडकवून बटण दाबले, की फासळ्या लख्ख दिसत. मित्रांनो, एके काळी या खोलीत येणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे बघायचा. डॉक्टरबाई स्वतःच्या रुमालाने माझी काच पुसत.

मग टेबलावर संगणक आला, तो थेट जावयासारखा. त्याला थंड हवा, त्याला धुळीपासून झाकण, आणि माझ्या कोपऱ्याला बाईंचा कोट टांगलेला! सगळे फोटो त्याच्याच पडद्यावर उमटू लागले, तेही मी गिळले. पण पुढे तो भविष्य सांगू लागला आणि माझा जळफळाट सुरू झाला.

फुप्फुसाचा कॅन्सर मेंदूपर्यंत पोचलेला रुग्ण आला, की बाई त्याची माहिती संगणकाला देत. वय किती, मेंदूत गाठी किती, आणखी कुठे पसरलाय का, माणूस आपले आपण किती करू शकतो. त्यावरून हा आयुष्याचा अंदाज सांगे. सगळे श्वास रोखून त्याच्याकडे बघत. मेला काय तोऱ्यात चमकायचा!

एकदा दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर बायकोला घेऊन आला. नखांत निळा रंग, डावा हात जड झालेला. त्यांची एकुलती एक मुलगी दूर समुद्रात, मालवाहू जहाजावर कामाला होती.

"काय ते स्पष्ट सांगा," पेंटर म्हणाला.

बाईंनी पडद्याकडे बोट केले. "तुमच्यासारख्या रुग्णांपैकी निम्मे सात महिन्यांपेक्षा जास्त काढतात, निम्मे कमी."

"आणि मी कुठल्या निम्म्यात?"

"ते याला कळत नाही. मलाही नाही."

बायकोची नजर त्या आकड्यावरच खिळली होती. "पोरीला बोलावून घेऊ या का हो?"

"उगाच कशाला? येईल सावकाश."

मी हट्टाने पडद्याकडे बघतच नव्हते. म्हणून मला पेंटर दिसला. तोंडाने "उगाच कशाला" म्हणणारा तो माणूस आवाज न करता मुलीचे लाडके नाव पुटपुटत होता. तेवढ्यात बाईंनी पडदा बाजूला वळवला, आणि बायकोचे नवऱ्याकडे लक्ष गेले.

"बोलावते मी तिला," ती म्हणाली. "आत्ताच."

मुलगी आली. त्याच सुमारास गाठीच्या तपासणीचा एक उशिरा येणारा अहवाल हाती आला. या प्रकारच्या कॅन्सरवर एक गोळी लागू पडत होती. नवी माहिती घातल्यावर संगणक म्हणाला, दोन वर्षे! पठ्ठ्याने चक्क शब्द फिरवला, तरी कोणी त्याला लबाड म्हटले नाही. "अंदाज सुधारला," म्हणून वर कौतुकच. मी जन्मात शब्द फिरवला नाही, पण मला कोण विचारतो?

पेंटरचा हात पुष्कळ सुधारला. मुलीला शेजारी बसवून त्याने पुन्हा पाट्या रंगवल्या. दोन वर्षे मात्र भरली नाहीत. एका सकाळी मुलगी एकटीच आली.

"बाबा गेले," ती म्हणाली. "घरीच होते. आई आणि मी जवळ होतो."

बाई बराच वेळ तिचा हात धरून बसल्या. नंतर त्यांनी पेंटरची हकिकत संगणकात नोंदवली, म्हणजे पुढच्या रुग्णाचा अंदाज आणखी नीट येईल. पेंटर असा त्याच्यात राहिला. माझ्या काचेवर त्याची एकही फिल्म कधी लागली नव्हती. हे मात्र मला अजून सोसवत नाही.

मित्रांनो, मला पुसू नका, हवे तर भंगारात द्या. पण तुमच्या घरचे कोणी अशा खुर्चीत बसले असेल आणि पडद्यावर आकडा उमटत असेल, तर तुमच्यातल्या एकाने तरी त्या माणसाच्या तोंडाकडे बघा. आकडा काय, संगणक सांगेलच. त्याला मिरवायला तेवढेच हवे असते.