थांबताना बंद पडणारी गाडी

नांदूर नाक्याच्या सिग्नलला सुवर्णाने ब्रेक दाबला आणि इंजिन नेहमीसारखं बंद पडलं. पण या वेळी गाडी थांबलीच नाही. पुढे उसाची ट्रॉली उभी आणि शेजारच्या सीटवर तिची सात वर्षांची लेक हर्षाली. सुवर्णा दोन्ही पायांनी ब्रेकवर उभी राहिली, हँडब्रेक ओढला, तेव्हा कुठे ट्रॉलीबाहेर लोंबणारी उसाच्या शेंड्याची वाढं काचेला टेकली आणि गाडी उभी राहिली.

सायखेड्याला घरी येऊन तिने हे सांगितलं, तेव्हा तिचे सासरे केरूआप्पा हर्षालीला जवळ ओढून ओट्यावर बसले. नात थोडक्यात वाचली, एवढंच त्यांच्या डोक्यात शिरलं. पाठोपाठ राग आला, आणि त्या घरात राग आला की तो सुनेकडेच वळायचा.

तिचा नवरा कुंदन तर तीन आठवडे तिला बोलतच होता. गाडी थांबवताना बंद पडते म्हणजे क्लच नीट दाबत नाही, लक्ष नाही, बायकांना कुणी सांगितलंय गाडी चालवायला! आज त्याने शेवटचंच सांगून टाकलं. "उद्यापासून गाडीला हात लावायचा नाय. फुलं बांधावर व्यापाऱ्याला देऊ."

आप्पांनी मान डोलावली. खरं तर शेवंतीला दोन पैसे बरे मिळू लागले होते ते सुवर्णामुळेच. दोन वर्षं ती पहाटे क्रेट भरून स्वतः नाशिकच्या फूलबाजारात जात होती, गिऱ्हाईक तिने जोडलं होतं. हे आप्पांना पक्कं ठाऊक होतं. तरी मान डोलावली.

सुवर्णा रडली नाही. "सोडते गाडी," ती म्हणाली. "पण आधी भिकन मिस्तरीला दाखवा. माझा पाय चुकतो असं त्यांनी म्हणावं, मग जन्मात स्टेअरिंगला शिवणार नाही."

सकाळी भिकन अंगणात आला. चांदोरीच्या फाट्यावर त्याचं गॅरेज होतं. माणूस मितभाषी, आणि शेतकऱ्यांच्या गाड्यांमध्ये काय काय सापडतं हे पाहून पाहून मुरलेला. त्याने हवा आत घेणारा भाग उघडून साफ केला, गाडी चालू केली, जरा रेस केली आणि पाय काढला. इंजिन थरथरलं, खोकलं आणि बंद पडलं.

"बघा," कुंदन लगेच म्हणाला, "हिने चालवून चालवून..."

भिकनने त्याच्याकडे बघितलंही नाही. "वैनी, थांबताना ब्रेक कसा लागतो? मऊ का कडक?"

"दगडासारखा," सुवर्णा म्हणाली. "पंधरा दिवस सांगत होते यांना. म्हणे, जोर लाव."

भिकनचा चेहरा बदलला. त्याने पुन्हा इंजिन चालू केलं, रेस धरून ठेवायला तिला बसवलं आणि बोनेटमध्ये वाकून कान लावला. पार मागे, खालच्या अंगाला, सूं असा बारीक आवाज येत होता. हात घालून त्याने पक्कडीने काहीतरी चिमटलं. "सोडा पाय!" तो ओरडला.

सुवर्णाने पाय काढला. इंजिन एकसारखं, शांत चालत राहिलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच.

भिकनने इंजिन बंद केलं आणि काळी चिकटपट्टी सोलून एक वीतभर नळी ओढून काढली. ठिबक सिंचनाची नळी होती. उष्णतेने मऊ पडून टोकाला फाकलेली.

आप्पांनी ती लगेच ओळखली.

ती नळी त्यांचीच होती. महिन्यापूर्वी उंदराने तिथला रबरी पाइप कुरतडला होता आणि असाच सूं आवाज येत होता. एवढ्याशा कामाला गॅरेज कशाला, म्हणून आप्पांनी शेवंतीच्या सरीतली नळी कापून बसवली होती. आवाज थांबला, आप्पा मनातल्या मनात खूश झाले आणि विसरूनही गेले.

"ही ब्रेकची नळी," भिकन सांगत होता. "इंजिन हवा ओढतं, त्या जोरावर ब्रेक हलका लागतो. ही फाकली की नको तिथून हवा शिरते, म्हणून थांबताना इंजिन बंद. पण खरं दुखणं ब्रेकचं. मूळच्या पाइपात एक बारका वॉल्व्ह असतो. इंजिन बंद पडलं तरी दोन-तीन ब्रेक पुरतील एवढा जोर तो धरून ठेवतो. तो कुठंय?"

आप्पांना तो वॉल्व्ह स्पष्ट आठवला. त्यांनी त्यात फुंकर मारली होती. एका बाजूने वारा जात होता, दुसरीकडून जात नव्हता. ठिबकच्या फिल्टरसारखा चोंदलाय, असं म्हणून त्यांनी तो उकिरड्यावर भिरकावला होता.

"तुमच्या मोटरला पाणी माघारी येऊ नये म्हणून बसवता ना," भिकन म्हणाला, "तसलाच."

विहिरीवरचा तसला वॉल्व्ह चाळीस वर्षं आप्पा स्वतःच्या हाताने बसवत आले होते.  नाक्यावर सुवर्णाने दोन्ही पायांनी दाबला त्या ब्रेकचा जोर त्यांनीच उकिरड्यावर फेकला होता, आणि शेजारी हर्षाली बसली होती.

"कुणाचं हे काम?" कुंदन सुवर्णावर उखडला. "बाजारात कुठल्या भुरट्याकडून करून घेतलंस?"

 सुवर्णा त्या नळीकडे टक लावून बघत होती. आप्पा गप्प राहिले तर निभावणार होतं. 

"मी," ते म्हणाले. "मी बसवली."

 कुंदन हसल्यासारखं करून म्हणाला, "जाऊ द्या आप्पा. तुम्हाला काय माहीत! मनाला लावून घेऊ नका."

आप्पा त्याच्याकडे बघतच राहिले. एवढं सोपं? पोरीच्या जिवावर बेतलं होतं, आणि माफी मागायच्या आत माफी मिळाली होती. न केलेल्या चुकीसाठी सुवर्णाने तीन आठवडे बोलणी खाल्ली, आणि आप्पांनी त्याला मान डोलावली होती.

"जाऊ द्या कसं?" आप्पा म्हणाले. "हिला बोललास तेवढं मला बोल. लक्ष नाय म्हण. हात लावू नका म्हण. आत्ता, भिकनच्या देखत!"

कुंदन भिकनच्या हातातली नळी घेऊन उलटसुलट बघू लागला. सुवर्णाने मात्र गाडीचा दरवाजा धरला आणि ती काल रडली नव्हती ते सगळं आता रडली.