अर्धा इंच

दिलीपने हिरव्या चादरीचं टोक उचललं आणि खाली आणखी एक टेलिफोन डिरेक्टरी सरकवली. हिम्मतराव दोन पावलं मागे सरले आणि मान तिरपी करून बघू लागले.

"अजून एक घाल. टेकडी हाय का पापड हाय ती? माझे इंग्रज काय झोपून लढतील?"

"झोपूनच तर जिंकता तुम्ही दर वर्षी," प्रशांत खुर्चीतून म्हणाला.

पोटाशी उशी धरून तो बसला होता. अंगातला शर्ट त्याचाच होता, पण थोरल्या भावाचा मागून आणल्यासारखा दिसत होता. त्याच्या मांडीवर बुटांचा खोका होता आणि खोक्यात कापसात गुंडाळलेलं फ्रेंच सैन्य. एकेक शिपाई काढून, फुंकर मारून तो दिलीपच्या हातात देत होता आणि दिलीप त्याने दाखवलेल्या जागी ठेवत होता.

चिक्कडपल्लीतल्या प्रशांतच्या घरी वॉटर्लूची लढाई मांडण्याची ही पहिलीच वेळ. एरवी ती हिम्मतरावांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये, रविवारी वर्ग बंद असताना व्हायची. पण इन्स्टिट्यूट दुसऱ्या मजल्यावर, आणि प्रशांतला आता घरातले उंबरेसुद्धा जड जात होते. म्हणून 'इन्स्टिट्यूटला रंग काढलाय' अशी थाप ठोकून हिम्मतरावांनी टेबलंच रिक्षावर लादून इकडे आणली. टेबलांना तोटा नव्हता. इन्स्टिट्यूटच्या खालच्या मजल्यावर काचेच्या दाराचे, गारेगार हवेचे कॉम्प्युटर क्लास निघाले होते आणि जिना चढणारी पोरं अर्ध्यातच आत वळत होती. निम्मे टाइपरायटर गौलीगुड्याच्या भंगारवाल्याने उचलून नेले होते. देशाची दारं उघडली म्हणत होते ती अशी उघडली. वॉटर्लूला मात्र त्यामुळे ऐसपैस जागा झाली होती.

शिपाई सगळे प्रशांतच्या हातचे. बाहेरची खेळणी इथे डोळ्यांनीसुद्धा दिसत नव्हती, त्या काळात त्याने स्वतः साचे केले, शिसं ओतलं आणि भिंग लावून एकेकाच्या कोटाची बटणं रंगवली. सरकारी कारखान्याच्या टूलरूममधला माणूस. चूक राहिली की वितळवून पुन्हा ओतायचा. दिलीप पुण्याहून बँकेच्या बदलीवर इथे आला आणि या दोघांत सापडला. त्याला पंच केलं गेलं, कारण पंच नसता तर दोघांनी एकमेकांची डोकी फोडली असती. प्रशांत नेहमी फ्रेंच. हिम्मतराव इंग्रज आणि प्रशियन दोन्ही. आणि प्रशांत नेहमी हरायचा. इतर लढाया त्याने पुष्कळ जिंकल्या होत्या, वॉटर्लू एकदाही नाही.

वॉटर्लू खरी झाली होती जूनमध्ये, म्हणून ते दर वर्षी जूनमध्येच खेळत. यंदा हिम्मतरावांनी फेब्रुवारीतच टूम काढली.

"फेब्रुवारीत वॉटर्लू?" प्रशांतने तेव्हा विचारलं होतं.

"जूनमध्ये मला सवड नाही. पुतणीचं लग्न हाय," हिम्मतराव म्हणाले होते.

डॉक्टरांनी त्याचं पोट उघडलं होतं आणि काही न करता पुन्हा शिवलं होतं. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर त्यांनी हे रंजनाला सांगितलं, तेव्हा दिलीप शेजारी उभा होता. उन्हाळा निघाला तर निघाला, असं ते म्हणाले. प्रशांतला शुद्ध आली तेव्हा रंजना त्याला म्हणाली, अल्सर होता, काढून टाकला. आपल्याकडे असं सांगायला कुणी शिकवावं लागत नाही. त्यानंतर एकदा ती दिलीपला फाटकापर्यंत सोडायला आली.

"भाऊजी, यांना कळता कामा नये. आहेत तेवढे दिवस तरी हसत काढू दे त्यांना. तुम्ही आणि हिम्मतराव अगदी पहिल्यासारखं वागा. जरा जरी वेगळं वागलात ना, तरी ते ओळखतील."

हिम्मतरावांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ टाइपरायटरची पट्टी इकडून तिकडे सरकवत राहिले. मग म्हणाले, "हौ. समजलं. नाटक तर करावंच लागतंय."

नाटक चांगलं चाललं होतं. पहिला तास हिम्मतरावांनी नेहमीसारखा आरडाओरडा केला. काड्यापेट्यांच्या शेतघरावर प्रशांतने हल्ला चढवला तेव्हा त्यांनी फासे असे आपटले की एक कपाटाखाली गेला. तो काढताना गुडघ्याच्या नावाने बोटं मोडली. स्वयंपाकघरातून कांदा परतल्याचा वास येत होता. मधूनच रंजना दारात येऊन डोकावून जात होती. खेळातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. ती फक्त आवाज ऐकायला येत होती.

मग प्रशांतने आपलं चिलखती घोडदळ पुढे काढलं.

त्यांच्या नियमांत घोडदळाची धाव बारा इंच. अंतर आधी मोजायचं नाही. हल्ला तोंडाने जाहीर करायचा आणि मग पंचाने शिंप्याची टेप लावायची. धाव कमी पडली तर घोडे तोफांच्या तोंडासमोर उघडे पडले, संपले. या टेपेवरून या दोघांनी काय काय केलं होतं! एकदा अर्ध्या इंचावरून हिम्मतराव आणि प्रशांत दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत बोलत नव्हते. खेळायला मात्र दर रविवारी दोघे हजर. मध्ये दिलीप. "त्याला सांग, तुझी पलटण मेली." "त्याला सांग, दिसतंय मला."

"टेकडीवरच्या तोफांवर हल्ला," प्रशांत म्हणाला आणि दम खाण्यासाठी थांबला. "सगळे घोडेस्वार."

दिलीपने टेप लावली. एक टोक पहिल्या घोड्याच्या नाकाशी धरलं, दुसरं डिरेक्टऱ्यांच्या उतारावरून वर नेलं. बारा इंच संपले. तोफेचं चाक अर्धा इंच पुढे होतं.

दिलीप हिम्मतरावांच्या डरकाळीची वाट बघत राहिला.

हिम्मतराव टेपेवर ओणवे झाले होते. त्यांचा हात कानाच्या पाळीशी गेला, परत आला.

"पोचले," ते म्हणाले. "पोचले की. काढ माझ्या तोफा."

पंच होता दिलीप. त्याने तिथल्या तिथे 'नाही' म्हणायला हवं होतं, आणि त्याच्या ओठांवर ते आलंही होतं. पण त्यालाही प्रशांत एकदा टेकडीवर चढलेला बघायचा होता. त्याने टेप गुंडाळून खिशात टाकली.

प्रशांत टेपेकडे बघतच नव्हता. तो हिम्मतरावांकडे बघत होता.

पुढचा खेळ उतारावरून सुटलेल्या गाडीसारखा झाला. हिम्मतरावांनी आपल्या तोफा आपल्याच हाताने खोक्यात टाकल्या. मग पलटणी. "आज नशीबच खराब हाय मियाँ, काय करतो," असं म्हणत ते भराभर फासे टाकत होते आणि आकडा धड वाचायच्या आत उचलत होते. इंग्रजांची अख्खी फळी डिरेक्टऱ्यांवरून नाहीशी झाली. प्रशांतने एकाही शिपायाला हात लावला नाही.

"जून फार लांब होता, नाही का हिम्मतराव?" तो म्हणाला.

हिम्मतरावांच्या हातातला फासा हातातच राहिला.

"अरे, सांगितलं की तुला. पुतणीचं लग्न—"

"कुठल्या?"

"भाग्यलक्ष्मीच्या."

"तिचं लग्न झालं. आपण तिघं एका पंगतीला जेवलो."

एरवी या थापेवर ते तिघे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले असते. हिम्मतराव मटकन स्टुलावर बसले. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला, आणि पुसतच राहिले. दिलीपला भीती वाटली ती एकाच गोष्टीची. आता रंजना दारात येईल, आणि तिला दाखवायला यांच्यापैकी एकाकडेही धड चेहरा नव्हता.

"रंजनाला माहीत आहे?" प्रशांतने विचारलं.

दिलीपने मान डोलावली. "वहिनींनीच सांगितलं. तुला कळू द्यायचं नाही म्हणून."

प्रशांतने उशी पोटाशी जरा जास्त दाबली. शेजारच्यांच्या टीव्हीवर कुठलीशी साबणाची जाहिरात लागली होती. तो ती शेवटपर्यंत ऐकत राहिला. दुखत असेल का त्याला, की नुसताच घाबरला असेल? दिलीपला विचारवेना. माणसाला इतका मोठा घाव घालून समोर असं बसून राहायचं, याची त्याला मनस्वी लाज वाटली.

मग प्रशांत वाकला. खुर्चीच्या दांडीला धरून, हळूहळू. त्याने खोक्यातल्या तोफा काढून टेकडीवर पुन्हा मांडल्या, पलटणी मांडल्या, आणि घोडे एकेक करून अर्धा इंच मागे घेतले.

"पोचले नाहीत," तो म्हणाला. "मारा."

"प्रशांत, नक्को बाबा. मी नाही आता खेळत."

"खेळा. आणि आवाज चढवा जरा. मघापासून आपण भांडलो नाही. ती तिकडे कान देऊन उभी असेल."

हिम्मतरावांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"अर्धा इंच?" प्रशांत एकदम ओरडला. आवाज फाटका निघाला, पण निघाला. "अर्ध्या इंचासाठी माझे सगळे स्वार मारता? डोळे आहेत की बटणं लावलीत?"

"टेप... टेप बोलते ती," हिम्मतराव कसेबसे म्हणाले.

"टेप तुमच्या तात्यांची आहे काय?"

तात्या हे हिम्मतरावांचे वडील. त्यांचं नाव निघालं आणि हिम्मतरावांच्या आत कुठेतरी जुनी किल्ली फिरली. ते उभे राहिले. "तात्यापर्यंत जायचं काम नाही, सांगून ठेवतो! बारा इंच म्हणजे बारा इंच! तुझा नेपोलियन आला तरी बाराच!" असं म्हणून त्यांनी फासे टाकले. तोफांचे फासे, पलटणींचे फासे, आणि पूर्वेच्या कडेने प्रशियन आणले तेव्हा त्यांचे. घोडेस्वार पडले, त्यांच्यामागची पलटण पडली. हिम्मतरावांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंडाने ते शिव्या घालत होते. त्यांनी एक शिपाईसुद्धा सोडला नाही. प्रशांत एकेकाला उचलून कापसात ठेवत होता आणि मध्ये मध्ये ओरडत होता, "लबाड! एक नंबरचा लबाड माणूस!"

रंजना पळी हातात घेऊनच बाहेर आली. तेवढ्यात हिम्मतराव कपाटाखाली फासा शोधायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"अहो, हे काय चाललंय? शेजारी काय म्हणतील?"

"हरलो," प्रशांत म्हणाला. "सांग यांना काहीतरी. आजाऱ्यावरसुद्धा दया नाही यांना."

रंजनाने दिलीपकडे पाहिलं. तिच्या कपाळावरच्या आठ्या दिलीपच्या देखत सुटल्या. मग ती हसायला लागली. पळीतला रस्सा फरशीवर टपकला तरी हसत राहिली. त्या दवाखान्याच्या बाकानंतर दिलीपने तिला हसताना पाहिलं नव्हतं, आणि आता बघवत नव्हतं.

"बरी खोड मोडली," ती म्हणाली. "चला, जेवून घ्या. तुमच्यासाठी मऊ भात केलाय."

"मऊ भात नको. यांना वाढशील तेच मलाही वाढ. गोंगुऱ्याची चटणी आहे ना?"

"खाल?"

"भांडून भूक लागली."

ती जवळजवळ पळतच आत गेली. टेबलांवर वॉटर्लू होती, म्हणून ताटं हातातच घ्यावी लागली. तिने तिघांना वाढलं. प्रशांतच्या ताटात भात, पप्पू म्हणजे तेलुगू पद्धतीचं घट्ट वरण, अंबाडीच्या पाल्याची ती आंबट चटणी वाढून वर तुपाची धार सोडली आणि समोर उभी राहिली. त्याने मोठा घास कालवला, तोंडात घातला, चावला. गिळताना त्याचे डोळे क्षणभर मिटले. "फक्कड झालीय चटणी," तो म्हणाला. "आणखी थोडा भात आण."

ती भात आणायला वळली. तसा प्रशांतचा हात ताटातून सुटून पोटाशी गेला. खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकून तो तोंडाने श्वास घेऊ लागला. दिलीप उठायला लागला तर त्याने मानेनेच त्याला बसवलं. हिम्मतराव ताटाकडे बघत नुसते बसले होते.

स्वयंपाकघरात भांड्यावरचं झाकण वाजलं. प्रशांत सरळ झाला आणि त्याने हात पुन्हा ताटात घातला.

"जेवा हिम्मतराव," तो हलकेच म्हणाला. "ती येतेय."

हिम्मतरावांनी भात कालवायला घेतला.